सुभेदारांच्या शेंदरी पिस्तुलाची आणि माझ्या इतर मिळकतीची व्यवस्था

मी, अंजना हंबीरराव शेडगे, माहेरची अंजना भाऊसो बाबर, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय बेदाणा आणि शेती, राहणार तासगाव, जिल्हा सांगली, आज माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून हिरवा बेदाणा आणि पिवळा बेदाणा मला बल्बच्या उजेडातसुद्धा वेगळा ओळखता येतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिचा बुद्धीशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी विचारल्यावर सांगितलं. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेलं नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझे पती हंबीरराव वारले तेव्हापासून करायचं मनात होतं, पण घरातल्या एका वस्तूमुळे ते राहत गेलं. ती वस्तू कागदावर लिहिली, तर तो माझ्याच विरुद्ध पुरावा झाला असता. लिहिली नाही, तर माझ्यामागे जो कोणी ट्रंक उघडेल तो फुकट गुन्ह्यात अडकला असता. ही अडचण यंदा जानेवारीत सुटली. म्हणून आज लिहिताना हात हलका आहे.

कलम १. राहतं घर. तासगावात मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला असलेलं माझ्या नावावरचं घर, वरच्या मजल्यासह, माझ्यामागे माझा मुलगा जयराज याचं होईल. जयराज शिरवळला कंपनीत आहे आणि सुटीला येतो. त्याची बायको अंकिता इथे माझ्याबरोबर राहून धंदा बघते. तिच्या सहीशिवाय हे घर विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. जयराज, हे वाचून तोंड पाडू नकोस. स्लॅब गळायला लागला तेव्हा तू फोनवर मिस्त्री शोधत होतास आणि ती डांबराचा डबा घेऊन वर चढली होती.

कलम २. बेदाण्याची शेड, जाळ्या, रॅक, वजनकाटा आणि निवडायची टेबलं एकट्या अंकिताला. गंधकाची धुरी किती द्यायची हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती कमी देते आणि सौद्यात भाव तेवढाच आणते. शेडचं नाव मात्र बदलू नये. व्यापाऱ्यांना ते पाठ आहे.

कलम ३. द्राक्षबाग जयराज आणि अंकिता दोघांच्या नावे सारखी. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बदलायला झाला आहे. तो मी मरायची वाट न बघता बदलावा.

कलम ४. बँकेतल्या ठेवी जयराजच्या. माझ्या पाटल्या आणि बोरमाळ माझी नात, जयराज-अंकिताची मुलगी प्रांजल हिच्या. पाटल्या मोडून तिने गाडी घेतली तरी माझी हरकत नाही; बोरमाळ मोडू नये. ती माझ्या आईची आहे आणि तिच्यातला एक मणी बदललेला आहे, तो सोनाराला सापडेल.

कलम ५. दगडाबाई यांना शेडला लागून असलेली खोली त्या हयात असेपर्यंत राहायला. वीजबिल अंकिताने भरावं. दगडाबाई जतकडच्या. पहिल्यांदा आमच्या शिवारात मेंढरांबरोबर आल्या, नंतर निवडाईला आल्या आणि राहिल्या. काडी लागलेला मणी त्यांच्या बोटांखालून आजवर सुटलेला नाही. त्यांचा आणि खालच्या कलम ७ मधल्या वस्तूचा जो संबंध आला, त्याबद्दल माझ्या घराने त्यांचे उपकार मानावेत.

कलम ६. माझं तांब्याचं घंगाळ माझ्या नणंद सुलाबाई यांच्याकडे आहे. त्यांनी ते मुलीच्या लग्नाला नेलं होतं. त्या मुलीची मुलगी आता लग्नाला आली. घंगाळ त्यांच्याकडेच राहू द्यावं. फक्त पाहुण्यांना दाखवताना "हे आमच्या आजेसासूचं" असं त्यांनी म्हणू नये. बुडाशी माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे.

कलम ७. माझे वडील कै. सुभेदार भाऊसो पिराजी बाबर यांचं शेंदरी रंगाचं पिस्तूल, चामडी पाकिटासह.

हे कलम लांबेल. वकीलबाई, अॅड. राजनंदिनी साळुंखे, म्हणाल्या की वस्तूचं वर्णन असं करावं की पुढे कोणी ती दुसरी समजू नये. तसं करते.

आबा लष्करात उस्ताद होते, म्हणजे नव्या पोरांना शिकवायचे. पेन्शनीत निघून ते कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी ट्रंक होती आणि ट्रंकेत हे पिस्तूल होतं. कमरेला लावायच्या जाड चामडी पाकिटात ते पूर्ण बसलेलं. बाहेर फक्त मूठ. पाकिटाला घरात सगळे म्यानच म्हणत. खंडेनवमीला आबा पाटावर तलवार, कोयता, विळा, खुरपं मांडायचे आणि मधोमध हे म्यान ठेवायचे. तेलात कालवलेला शेंदूर बोटाने मुठीला लावायचे. मूठ आधीच लालभडक शेंदरी दिसायची. गेल्या खंडेनवम्यांचा शेंदूर साचून तसा रंग आला, असं आम्ही धरून चाललो. शेंदूर लावलेली वस्तू कोणी खरवडून बघत नाही. आमच्याकडे तर नाहीच नाही.

गल्लीतली पोरं विचारायची, "आबा, एकदा भाईर काढून दावा की."

आबा म्हणायचे, "म्यानातनं भाईर आलेलं हत्यार रगात पिल्याबिगार आत जात न्हाई. कुनाचं पाजू? तुझं?"

पोरं पळायची. आणि आम्ही घरातलीही ते खरंच मानत होतो. तलवारीबद्दल आमच्या बाजूला असं सगळेच म्हणतात; ते पिस्तुलाला का लागू नसावं? त्यामुळे आबा होते तोवर आणि आबा गेल्यावरही ते पिस्तूल पाकिटातून कोणी उपसलं नाही. गावाने त्याचं नाव 'शेंदऱ्या' ठेवलं होतं. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघायची वेळ आली की कोणीतरी म्हणायचं, "सुभेदाराच्या नादाला लागू नगा गड्यानो, त्येच्याकडं शेंदऱ्या हाय." भांडण तिथेच मिटायचं. आबा यावर हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. मिशीला पीळ देत, एवढंच.

आबा वारले आणि वाटण्या झाल्या. जमीन आणि घर माझा धाकटा भाऊ आप्पासो याला गेलं. मी हक्कसोडपत्रावर सही दिली, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. ट्रंक उरली. कागदपत्रं धुंडाळली तर पिस्तुलाचा परवाना कुठेच नाही. आप्पा घाबरला.

"आक्का, ही ट्रंक तू ने. हितं पोरं ल्हान हायत, एखांदं खेळाय काढंल."

"आनि माझ्या घरात काय मांजरं हायत व्हय रं?"

"तुमचं शेड हाय, कुलपं हायत, राखण हाय. आन् आबाचं हाय त्ये. इकता येत न्हाई, टाकता येत न्हाई, पोलिसात दिऊन आबाच्या नावाला बट्टा लावू व्हय?"

हे मात्र बरोबर होतं. ट्रंक टेम्पोत कडब्याच्या पेंढ्यांखाली घालून तासगावला आली. त्या दिवसापासून ती माझ्या पलंगाखाली.

त्यानंतर निवडणुकांचा आणि माझा वैरभाव सुरू झाला. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपापल्या बंदुका जमा कराव्या लागतात. पेपरात ती बातमी आली की माझं अन्नपाणी तुटायचं. एका निवडणुकीत नाकाबंदीबरोबर झडत्याही होणार असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा मी पिस्तूल म्यानासकट लुगड्यात गुंडाळून बेदाण्याच्या पेटीत घातलं, वर बेदाणा पसरला आणि पेटी शेडमध्ये इतर पेट्यांत ठेवून दिली. सकाळी कोल्ड स्टोरेजची गाडी आली. दगडाबाई पेट्या उचलून देत होत्या. ती पेटी त्यांनी उचलली आणि परत खाली ठेवली.

"वैनी, ह्या पेटीचं वजान बराबर न्हाई. आन् बेदाणा कवा असा एका कडंला कलत न्हाई."

"राहू दे ती," मी म्हटलं.

दगडाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे. म्या काय बघितलं न्हाई, तुमी काय सांगितलं न्हाई." मतमोजणी होईपर्यंत ती पेटी त्यांच्या खोलीत, त्यांच्या अंथरुणाच्या उशाला होती. नंतर त्यांनी ती आणून दिली आणि त्या विषयावर पुढे एक शब्द काढला नाही.

आता किमतीचं. मी जन्मभर रंगावर किंमत ठरवणाऱ्या धंद्यात आहे. सौद्यात पेटी उघडली की व्यापारी आधी रंग बघतो, मग मूठभर हातात घेतो, मग एक मणी दाताखाली. नुसत्या रंगावर बोली लावणारा बुडतो हे मला कळत होतं. माझा भाचा वीरधवल, आप्पाचा मुलगा, त्याला ते कळलं नाही. तो दोन दसऱ्यांपूर्वी सोनं द्यायला आला, खंडेनवमीला मी घरात मांडलेल्या पाटावरच्या पिस्तुलाचा मोबाईलवर फोटो काढला आणि पुण्यातल्या कोणा जुन्या वस्तूंच्या दलालाला पाठवला. दलालाने कळवलं की असा रंग त्याने कधी बघितलेला नाही, ही कोणा संस्थानिकाची खास रंगवून घेतलेली चीज असणार, आणि गिऱ्हाईक मिळालं तर बारा लाख कुठे गेले नाहीत.

पंधरा दिवसांत गावात झालं की आबाचं पिस्तूल आक्काने ढापलं. आप्पाचा फोन आला.

"आक्का, म्या तुला सांबाळाय दिल्तं. खायाला न्हाई."

मी म्हटलं, "आप्पा, तूच पेंढ्या रचल्यास त्यावर."

"तवा ठावं न्हवतं काय हाय त्ये."

"आता तरी ठावं आहे का?"

त्याने फोन ठेवला. मग वकिलामार्फत नोटीस आली. तीत त्याच्या वकिलाने मोठ्या हुशारीने 'पिस्तूल' हा शब्द टाळून 'वडिलोपार्जित धातूची एक वस्तू' असं लिहिलं होतं आणि तिच्या किमतीचा निम्मा हिस्सा मागितला होता. मला उत्तर देता येईना, कारण उत्तर म्हणजे कबुली. त्याला कोर्टात जाता येईना, कारण तिथे वस्तूचं नाव सांगावं लागलं असतं. असे आम्ही सख्खे भाऊ-बहीण, एकमेकांवर दावाही लावू शकत नव्हतो आणि एकमेकांच्या दारातही जाऊ शकत नव्हतो. भाऊबीज दोनदा तशीच गेली. माझ्या आयुष्यात वाईट दिवस पुष्कळ आले, गारपिटीत बाग गेली तेही बघितलं. पण ओवाळणीचं ताट भरून परत रिकामं करणं त्यात बसत नाही.

अशात प्रांजलची फौजदार म्हणून निवड झाली. सगळं घर नाचलं. मी पेढे वाटले आणि घरात येऊन पलंगावर बसले, त्याच पलंगावर. आता चारित्र्य पडताळणीला पोलीस घरी येणार होते. पोरीने चार वर्षं पहाटे मैदानावर धावून मिळवलेली नोकरी, आणि तिच्या आजीच्या पलंगाखाली विनापरवाना पिस्तूल. आणि वीरधवलच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो.

मी अंकिताला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ओट्यावरचं दूध खाली उतरवलं आणि म्हणाली, "आई, हे तुम्ही इतके दिवस एकट्या घेऊन झोपलात?" दुसऱ्या दिवशी ती मला अॅड. राजनंदिनींकडे घेऊन गेली. मी सुरुवात "माझ्या ओळखीची एक बाई आहे" अशी केली. वकीलबाई म्हणाल्या, "त्या बाईंना सांगा, लपवलं तर रोज थोडा गुन्हा वाढतो. आपल्या पायाने नेऊन दाखवलं, तर ऐकून घेणारी माणसं तिथेही असतात." मग मी म्हटलं, ती बाई मीच. त्या म्हणाल्या, "ते कळलं मला. अर्ज कधी टाकायचा?"

अर्ज दिला. वारसाने आलेल्या ट्रंकेत एक वस्तू आहे, ती तपासून घ्यावी, असा. जानेवारीत सांगलीला बोलावणं आलं. जयराज रजा टाकून आला, गाडी त्याने चालवली, आणि पहिल्यांदाच स्पीडब्रेकरवर गाडी हळू घेताना मी त्याला बघितलं. प्रांजल यायचं म्हणत होती, तिला मी घरी बसवलं. जे व्हायचं ते माझ्या नावावर व्हावं.

पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारं तपासणारे हवालदार बिरदेव कोळेकर होते. आटपाडीकडचे, बोलणं घरच्यासारखं. त्यांनी म्यान टेबलावर ठेवलं आणि मुठीला हात घातला. मी म्हटलं, "थांबा. ते बाहेर काढलं की रक्त मागतं."

"कोन म्हनलं?"

"आमचे वडील. सुभेदार होते."

"मग जरा मागं सरून बसा, आज्जी," असं म्हणून त्यांनी ते उपसलं. मी डोळे मिटले होते. अंकिताने माझा हात धरला होता, तिच्या बांगड्या रुतल्याचं आठवतं. काही झालं नाही. मग एकदम हसणं ऐकू आलं. डोळे उघडले तर कोळेकर पिस्तुलाचं तोंड उजेडाकडे धरून बघत होते.

"आज्जी, ह्याच्यात गोळी जायाला भोकच न्हाई."

नळीच्या जागी नुसता बोटभर खळगा होता आणि त्यात पाकिटाच्या चामड्याची भुकटी बसलेली. चाप हलत नव्हता, कारण तो सुटा नव्हताच. मुठीपासून तोंडापर्यंत सगळं एकसंध ओतीव. खालच्या अंगाला साच्याची शिवण त्यांनी माझं बोट धरून मला दाखवली. मग रॉकेलच्या फडक्याने पुसलं. शेंदराचा थर लाल होऊन फडक्यावर आला आणि खाली रंग निघाला तोही शेंदरीच. पक्का, कारखान्यातल्यासारखा, म्यानाच्या आत लपलेल्या भागावरसुद्धा. खरा रंग मुळात तोच होता. आबा वर्षाला एक बोट शेंदूर वरून लावत होते.

कोळेकरांनी सांगितलं ते असं. हातघाईचं शिक्षण देताना समोरच्याच्या हातातलं पिस्तूल हिसकावून घ्यायला शिकवतात. त्यासाठी असे नकली नग करतात. खऱ्यात मिसळू नयेत म्हणून ते लांबून ओळखू येणाऱ्या रंगाचे असतात. त्यांनी निळे बघितले होते, लाल बघितले होते. शेंदरी हा पहिलाच. "युनिटच्या वर्कशापात जो रंग उरला आसंल तो मारला आसंल." तोंडाकडच्या बाजूला रंग जिथे झिजून धातू दिसत होता, तिथे त्यांनी स्वतःचा पंजा ठेवून दाखवला. तो बरोबर बसला. किती पोरांनी तिथे धरून ओढलं असेल.

चापाभोवती जे कडं असतं, ते एका बाजूने कापलेलं होतं. "ह्ये साच्यातलं न्हवं," कोळेकर म्हणाले. "कानशीनं घासल्यालं हाय. हिसकताना पोराचं बोट आडकून मोडतं. कुनीतरी इचार करून ह्ये काढलंय." त्यांनी तिथल्या कॉन्स्टेबलच्या हातात ते दिलं आणि म्हणाले, "धर माज्यावर." त्याने धरलं. पुढचं मला दिसलंच नाही. पिस्तूल कोळेकरांच्या हातात होतं आणि कॉन्स्टेबल मनगट चोळत हसत होता.

आबा काय शिकवायचे हे मला माझ्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी असं समजलं. समोरच्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यायला शिकवायचे. निरोपाला त्यांच्या पोरांनी तेच म्यानात घालून त्यांना दिलं असणार, असा माझा अंदाज आहे. सांगणारं आता कोणी नाही.

"आता परत आत कसं घालायचं?" मी विचारलं.

"घाला की! नळीच न्हाई, रगात कशानं पिनार त्ये?"

जयराज इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. मला वाटतं, तो तिथे थोडा रडलाही. ही वस्तू हत्यार नाही, असा लेखी शेरा मारून तिथल्या साहेबांनी ती मला परत दिली. त्याची नक्कल सोबत जोडली आहे.

घरी आल्यावर आधी दगडाबाईंना बोलावून पिस्तूल त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं. "म्हंजी म्या त्या इलेक्शनात ह्या खेळण्याला भिऊन जागी व्हते व्हय? वैनी, तुमच्या आबाला काय म्हनावं!" आणि पदर तोंडाला लावून बसल्या ठिकाणी हलत राहिल्या.

किमतीबद्दल. भंगारात दोनशे रुपये येतील असं कोळेकर म्हणाले. सांगलीतल्या एका हौशी संग्राहकाने या रंगाचा दुसरा नग दिसत नाही म्हणून पाच हजार देऊ केले. पुण्याच्या दलालाचा नंबर शोधून जयराजने त्याला नवे फोटो पाठवले, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. या मृत्युपत्रापुरती किंमत मी पाच हजार रुपये धरते. आप्पाच्या वकिलाने लिहिलेलं 'वडिलोपार्जित धातूची एक वस्तू' हे वर्णन शब्दशः खरं निघालं, ते मी इथे तसंच कायम करते.

ही वस्तू माझ्यामागे माझा भाऊ आप्पासो भाऊसो बाबर याला मिळावी. (हे वाक्य रद्द. कारण पुढे कलम ८. — अं. हं. शे.)

कलम ८. दुरुस्ती. वरचा मजकूर तयार झाल्यावर मी आप्पाला फोन केला. पिस्तूल खोटं आहे म्हटल्यावर त्याने ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आबानं आख्ख्या गावाला गुंडाळलं?" मी म्हटलं, "आपल्यालासुद्धा." दुसऱ्या दिवशी तो एसटीने आला, वीरधवलला घेऊन. चपला दारात काढून तिथेच उभा राहिला. अंकिताने आत या म्हटल्यावर आला.

पिस्तूल मी त्याच्यापुढे म्यानासकट ठेवलं. सत्तरीचा माणूस, पण मुठीला हात लावताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने ते उपसलं, खळग्यात बघितलं, कापलेल्या कड्यावरून अंगठा फिरवला.

"कानशीचंच काम," म्हणाला. "खुरप्याला धार लावायचा तसंच घासलंय आबानं. एका अंगाला जास्त."

मग त्याने चष्मा लावून हे मृत्युपत्र वाचायला घेतलं. वकीलबाई बसल्या होत्या. साक्षीदारांचा प्रश्न निघाला. त्या म्हणाल्या की ज्यांना मृत्युपत्रात काही मिळतं त्यांची साक्ष घेऊ नये, पुढे लोक शंका काढतात. मी घरात नजर फिरवली. जयराजला घर, अंकिताला शेड, प्रांजलला पाटल्या, दगडाबाईंना खोली, आप्पाला पिस्तूल. शेजारचे बाळासो सोडले तर दुसऱ्या सहीला माणूस उरत नव्हता.

आप्पाने चष्मा काढला. "मग माजं नाव खोड, आक्का. म्या करतो सही."

वीरधवल म्हणाला, "आप्पा, आवं, ती दिती हाय ती वस्तू..."

"गप रं. आर्धं मागाय नोटीस धाडली तवा तुजी घाई. आता फुकाट सही करतो म्हनलं तर तुज्या पोटात दुखाय लागलं व्हय?"

"आत्या, मला काय नको," वीरधवल माझ्याकडे बघून म्हणाला, आणि पहिल्यांदा थोडा लाजला. त्याचा राग मी इथे सोडून देते. फोटो मात्र त्याने मोबाईलमधून काढावा, म्हणजे पुन्हा कोणी भाव सांगणार नाही.

"आन् ह्ये कुनाला द्यायचं?" मी आप्पाला विचारलं.

त्याने पिस्तूल प्रांजलच्या हातात दिलं. "हिला. ही आता पोरांला शिकवंल कवातरी. आबा असता तर त्यानं बी हिलाच दिलं आसतं."

त्याप्रमाणे पिस्तूल आणि म्यान प्रांजल हिला. तिने ते वापरावं. रंग उडाला तरी चालेल. खंडेनवमीला पाटावर मांडायचं तर म्यानातून बाहेर काढून मांडावं.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. राजनंदिनी साळुंखे यांनी करावी. माझ्या मागे जेवणावळ घालू नये. त्या दिवशी शेडवरच्या बायकांना पगारी सुटी द्यावी.

वरील सगळं मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण : तासगाव, जि. सांगली
दिनांक : ११ मार्च २०२५

लिहून ठेवणार :
(सही) अंजना हंबीरराव शेडगे

साक्षीदार :

१. (सही) बाळासो कृष्णा तोडकर, राहणार तासगाव. शेजारी. सौ. अंजना... खोडले. श्रीमती अंजना शेडगे यांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) आप्पासो भाऊसो बाबर, राहणार ता. कोरेगाव, जि. सातारा. लिहून ठेवणार हिचा सख्खा भाऊ. आक्काने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. तिची बुद्धी शाबूत आहे. या कागदात मला काही मिळत नाही, आणि मला काही मागायचंही नाही. भाऊबीजेला येणार आहे.